खुराक, इनाम आणि लघवीची बाटली

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्याच्या पूर्व टोकाला, भीमेच्या काठी वसलेले गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. दोन्ही तीरांवर ऊस, दोन्ही तीरांवर दुधाचे कॅन, आणि यात्रेच्या दिवसांत दोन्ही तीरांवर कुस्त्यांचे आखाडे. या पट्ट्यातील माणसाला कुस्ती ‘खेळ’ म्हणून शिकवावी लागत नाही. पालखी, तमाशा, आखाडा हा यात्रेचा क्रम त्याला पाठ असतो.

आखाड्याचा हिशेबही ठरलेला असतो. दुपारी लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात. मग शंभर, पाचशे, हजार असा आकडा चढत जातो आणि दिवेलागणीला ‘शेवटची कुस्ती’ येते. इनाम पंचांच्या हातातून भर मैदानात दिले जाते, ध्वनिक्षेपकावर आकडा पुकारला जातो, आणि कुस्ती बरोबरीत सुटली तर रक्कम निम्मी-निम्मी वाटली जाते. एखादा हौशी पाहुणा खिशातून नोट काढून वर आणखी बक्षीस लावतो. जगातील फार थोड्या व्यावसायिक खेळांत खेळाडूचे वेतन इतके उघड असेल.

मात्र या उघड व्यवहाराला एक झाकलेली बाजू आहे. याच पट्ट्यातील एका आखाड्यात (गावाचे नाव सांगत नाही) मी मैदानामागे उभा होतो. विशीतला एक पैलवान अंगाला माती लावत होता. त्याच्या सोबत्याने त्याला विचारले, “घेतलंय का?” तो म्हणाला, “मघाशीच.” चहा घेतला का, असे विचारावे इतक्या सहजपणे हा संवाद झाला. विषय चहाचा नव्हता, सुईचा होता. आजचा हा धागा त्या दोन वाक्यांचा इतिहास शोधण्यासाठी आहे. पैलवानाला पैसे कोण देतो, आणि त्याच्या शरीराची तपासणी कोण करतो? वरवर वेगळे दिसणारे हे दोन प्रश्न प्रत्यक्षात एकाच गाठीचे दोन पदर आहेत.

प्रारंभ कोल्हापुरापासून करणे भाग आहे. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी युरोपात गेले. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन वर्तुळाकार रंगमंडळ त्यांनी पाहिले आणि तसेच मैदान आपल्या मल्लांसाठी असावे, हा विचार घेऊन ते परतले. त्यातून खासबाग मैदान उभे राहिले. १९१२ साली तेथे पहिली मोठी कुस्ती झाली ती गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांची. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. कमी बोलले जाते ते शाहूंच्या वेतनपद्धतीविषयी. संस्थानाच्या आश्रयाला असलेल्या मल्लाला दरबारातून खुराक मिळे. दूध, तूप, बदाम, मांस, राहण्याची सोय आणि तालमीची माती ही सर्व जबाबदारी दरबाराची असे. इनाम, फेटा, तोडा हे त्याच्या वर. म्हणजे मल्ल हरला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पुढ्यात थंडाईचा पेला येत असे.

ही व्यवस्था आदर्श होती, असे माझे म्हणणे नाही. ती राजाच्या मर्जीवर चालत होती. मर्जी फिरली की पेलाही फिरत असे. तरीही तिच्यात एक शहाणपण होते. शरीर घडविण्याचा खर्च आणि जिंकण्याचे बक्षीस हे दोन हिशेब तिने वेगळे ठेवले होते. पुढच्या शंभर वर्षांत हे दोन हिशेब एकमेकांत मिसळत गेले आणि सुईची वाट तेथूनच फुटली, असे मला वाटते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण तालमींचा आश्रयदाता गेला, आणि नव्या सरकारच्या अंदाजपत्रकात थंडाईला जागा नव्हती. या संधिकाळात जो माणूस सापडला तो खाशाबा जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. तेथे ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा संस्थान उरले नव्हते. सरकारदरबारी अर्ज गेले, पण पुरेशी दाद लागली नाही. गावोगाव वर्गणी झाली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण ठेवावे, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. तिच्याकडे हिशेबनीसाच्या नजरेने पाहिले तर ती एका व्यवस्थेच्या दिवाळखोरीची नोंद आहे.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी जे केले ते पाठ्यपुस्तकात अर्ध्या ओळीत उरकले जाते. ते इनामाच्या कुस्त्या लढले, त्या जिंकल्या, आणि त्या पैशातून खर्डेकरांचे गहाण घर सोडविले. ऑलिंपिक पदकविजेत्याला पदकाचे कर्ज मातीत उतरून फेडावे लागले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

दरबार गेल्यावर त्याची जागा काही अंशी सहकाराने घेतली. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांनी मल्लांना मानधनावर ठेवण्याची रीत सुरू केली. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनी, १३ डिसेंबरला, भरणारे मैदान हे त्या परंपरेचे ठळक उदाहरण. भीमेच्या खोऱ्यातही कारखाना, पतसंस्था, बाजार समिती यांच्या पदाधिकाऱ्यांची नावे आखाड्याच्या पत्रिकेवर असतात, ती उगीच नव्हे. पण दरबाराचा खुराक नियमित असे. पुढाऱ्याचे इनाम मात्र निवडणुकीच्या हंगामाप्रमाणे वरखाली होते. ज्या वर्षी ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत सगळ्या निवडणुका लागतात, त्या वर्षी शेवटच्या कुस्तीचा आकडा पाहावा!

मानाची कुस्ती म्हणजे ‘महाराष्ट्र केसरी’. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले विजेते ठरले. पुढे मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ विजेत्याला चांदीची गदा देण्याची प्रथा पडली. गदा खांद्यावर घेतलेला मल्ल हे महाराष्ट्राचे एक कायमचे चित्र आहे. परंतु गदा खाता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने किताब पटकावला आणि नंतर जाहीरपणे खंत व्यक्त केली की, गदा मिळाली, रोख रक्कम मात्र काहीच नाही. बोभाटा झाल्यावर निरनिराळे पुढारी धनादेश घेऊन धावले. पुढच्याच स्पर्धेत, जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात, विजेत्या शिवराज राक्षेला थार गाडी आणि पाच लाख रुपये मिळाले, उपविजेत्याला ट्रॅक्टर. शून्यापासून थारपर्यंतचे हे अंतर नऊ महिन्यांत कापले गेले. याला मी प्रगती म्हणायला कचरतो. नऊ महिन्यांत इतके हेलकावे खाणारी रक्कम वेतन नसते, लहर असते.

त्याच व्यासपीठावरून शासनाने मानधनवाढीची घोषणा केली. महाराष्ट्र केसरी व हिंद केसरी मल्लांचे मानधन चार हजारांवरून पंधरा हजार, वयोवृद्ध मल्लांचे अडीच हजारांवरून साडेसात हजार. वाढ स्वागतार्ह होती. पण आधीचा चार हजारांचा आकडा क्षणभर हातात धरून पाहा. तालमीत राहणारा मोठ्या वजनाचा पैलवान दिवसाला तीन लिटर दूध सहज पितो. साठ रुपये लिटरने महिन्याचे पाच हजार चारशे होतात. म्हणजे राज्यातील सर्वोच्च किताब मिळविलेल्या मल्लाचे मासिक मानधन त्याच्या दुधालासुद्धा पुरत नव्हते. रोज शंभर ग्रॅम बदाम धरले तरी महिन्याला तीन किलो. तूप, अंडी, मटण, फळे, तालमीचे भाडे, प्रवास, दुखापतीचा खर्च अजून लागलेलाच नाही. आणि हे किताबधारकाचे झाले. ज्याला किताब नाही, त्याचा खुराक बाप भरतो. ऊस तुटून गेला, बिल आले, त्यातून सोसायटीचे कर्ज वळते झाले, आणि उरले ते तालमीत गेले, असे संसार या खोऱ्यात ज्याला पाहायचे असतील त्याला शोधावे लागणार नाहीत. घरात म्हैस असली तरी तिचे दूध सकाळी डेअरीवर जाते, कारण रोख तेथूनच येते. आणि मुलगा पुण्याच्या तालमीत विकतचे दूध पितो.

आता सुईकडे वळू.

ताकदीची औषधे हा आपल्या तालमीचा शोध नव्हे. मेथँडिएनोन हे द्रव्य अमेरिकेत १९५८ च्या सुमारास ‘डायनाबॉल’ या नावाने बाजारात आले. जॉन झिग्लर नावाच्या डॉक्टरांनी ते वजन उचलणाऱ्या खेळाडूंना दिले आणि स्नायू झपाट्याने वाढतात हे दिसल्यावर गोळी व्यायामशाळांतून पसरली. ऑलिंपिकमध्ये उत्तेजक चाचण्या १९६८ साली सुरू झाल्या, तरी स्टेरॉइड पकडण्याची चाचणी यायला १९७६ चे माँट्रियल उजाडले. १९९९ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, स्थापन झाली. भारताची ‘नाडा’ २००५ ची. खेळाडूने अधिकाऱ्यासमक्ष लघवीचा नमुना द्यायचा, तो ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत मोहोरबंद व्हायचा, ‘अ’ सदोष निघाला तर खेळाडूच्या मागणीवरून ‘ब’ उघडायचा, अशी ती रीत. नियम कठोर आहे: शरीरात द्रव्य सापडले की जबाबदारी खेळाडूची, ते कसे शिरले हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याचेच.

हा नियम महाराष्ट्राने सर्वांत जवळून अनुभवला तो नरसिंग यादवच्या निमित्ताने. मुंबईत वाढलेला, दूधविक्रेत्याचा मुलगा, कांदिवलीच्या केंद्रात घडलेला, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी आणि राज्याच्या पोलीस दलात उपअधीक्षक. सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्य जिंकून त्याने रिओ ऑलिंपिकची जागा देशाला मिळवून दिली. दोन ऑलिंपिक पदके मिळविलेला सुशीलकुमार त्याच गटासाठी निवड चाचणी मागत दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जून २०१६ मध्ये याचिका फेटाळली गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच नरसिंगचे २५ जून आणि ५ जुलैचे नमुने सदोष निघाले. द्रव्य होते मेथँडिएनोन, तीच १९५८ ची गोळी.

आपल्या अन्नपाण्यात कोणीतरी ते मिसळले, असे नरसिंगचे म्हणणे. सोनीपतच्या शिबिरातील एका कनिष्ठ मल्लावर पोलीस तक्रारही झाली. १ ऑगस्टला नाडाच्या समितीने कटाचा दावा मान्य करून त्याला निर्दोष सोडले. वाडाने दाद मागितली. १८ ऑगस्ट २०१६ रोजी क्रीडा लवादाने रिओतच निकाल दिला: कटाचा पुरावा पुरेसा नाही, चार वर्षे बंदी. त्याची पहिली कुस्ती दुसऱ्या दिवशी होती. खरे काय घडले, यावर आजही दोन मते आहेत आणि मी निवाडा करू इच्छित नाही. एवढेच नोंदवितो की लवादापुढे ज्या पुराव्याची गरज होती (डबा कोणाच्या ताब्यात होता, स्वयंपाकघरात कोण येत-जात होते) तो गोळा करणारी यंत्रणा खेळाडूच्या बाजूला कोणतीच नसते. बंदी संपवून नरसिंग परतला, आणि २०२४ साली कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला.

गंमत पाहा. २०१६ च्या त्याच जुलै महिन्यात, त्याच लास व्हेगास शहरात, दुसऱ्या एका पैलवानाची कथा घडत होती. ब्रॉक लेस्नर हा अमेरिकेच्या महाविद्यालयीन कुस्तीचा माजी विजेता. ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ या मिश्र युद्धखेळाच्या सर्वांत मोठ्या कंपनीने, यूएफसीने, त्याला ९ जुलैच्या लढतीसाठी परत आणले. निवृत्तीतून परतणाऱ्याने चार महिने आधी चाचण्यांच्या कक्षेत यावे, असा नियम होता; लेस्नरला त्यातून सूट दिली गेली. २८ जूनचा नमुना सदोष असल्याचे लढत होऊन गेल्यावर कळले. मानधन पंचवीस लाख डॉलर, दंड अडीच लाख डॉलर, बंदी एक वर्ष. दहा टक्के कापून नव्वद टक्के घरी नेता येत असतील तर त्याला शिक्षा म्हणावे की कर, हे वाचकांनीच ठरवावे.

पण लेस्नर अपवाद. त्या खेळातील सामान्य लढवय्याची वेतनरचना आपल्या आखाड्याशी आश्चर्यकारक जुळते. नवख्याला उतरण्याचे दहा-बारा हजार डॉलर आणि जिंकला तर आणखी तेवढेच. त्यातून प्रशिक्षक, व्यवस्थापक, सराव, वैद्यकीय खर्च त्याने भागवायचा. लढती वर्षाला दोन-तीन. डिसेंबर २०१४ मध्ये काही लढवय्यांनी कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला. त्यात समोर आलेल्या हिशेबानुसार कंपनीच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सासुद्धा लढवय्यांपर्यंत पोहोचत नव्हता. अमेरिकेतील बास्केटबॉल-फुटबॉलच्या लीगमध्ये खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. हा वाद ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला आणि २०२५ च्या आरंभी न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. चाचण्यांचे काय? २०१५ ते २०२३ अखेर कंपनीने अमेरिकेची राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था नेमली होती, २०२४ पासून दुसरी नेमली. तपासणाऱ्याची नेमणूक आणि त्याचे बिल दोन्ही कंपनीच्याच हाती. मुंबईतही २०१२ साली ‘सुपर फाइट लीग’च्या रूपाने हा खेळ वाजतगाजत आला, पण आपल्या मातीत त्याचे मूळ धरले नाही. धरायचे ते आधीच धरलेले होते, असेही म्हणता येईल.

वाडाच्या आकडेवारीत भारत गेली काही वर्षे लाजिरवाण्या स्थानी आहे. २०२३ साली ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के सदोष; २०२४ साली ७,११३ पैकी २६०. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत इतके प्रमाण कोणाचेच नाही. अॅथलेटिक्स आणि भारोत्तोलनाच्या पाठोपाठ कुस्तीचा क्रमांक लागतो. पण हे आकडे गादीवरच्या कुस्तीचे. जो राष्ट्रीय शिबिरात पोहोचला, ज्याचे नाव यादीत चढले, त्याच्या दारात नाडाचा अधिकारी पहाटेही उभा राहू शकतो. बारा महिन्यांत तीनदा ठावठिकाण्याची चूक झाली तर तोही गुन्हा. गावच्या मातीवर मात्र बाटली घेऊन कोणी येत नाही. येणार तरी कोणत्या अधिकाराने? आखाडा भरविते ती यात्रा कमिटी. तिच्याजवळ हलगी आहे, पंच आहेत, फेटे आहेत. मोहोरबंद बाटली नाही आणि दिल्लीच्या प्रयोगशाळेचे बिल भरण्याची ऐपतही नाही.

या मोकळ्या जागेत आज जे शिरले आहे ते जुन्या गोळीपेक्षा भयंकर आहे. मेफेंटरमाइन हे भूल दिलेल्या रुग्णाचा उतरलेला रक्तदाब वर आणण्याचे इंजेक्शन. रुग्णालयाबाहेर त्याला काही काम नाही. तरी व्यायामशाळांतून त्याची चोरटी विक्री होते आणि पुणे परिसरात पोलिसांनी व औषध प्रशासनाने असे साठे वेळोवेळी पकडले आहेत. स्टेरॉइडने निदान स्नायू तरी वाढतो. हे इंजेक्शन केवळ थकवा झाकते, छातीचे ठोके आणि रक्तदाब चढविते. वाडाच्या यादीत ते उत्तेजक म्हणून निषिद्ध आहे. पण ज्याच्या खेळाला यादीच लागू नाही त्याला निषेध कसला? एखादी कुपी काही शे रुपयांत मिळते. महिन्याच्या खुराकापुढे ही किंमत नगण्य, आणि शेवटच्या कुस्तीच्या इनामापुढे तर विचारूच नका.

जुने वस्ताद या सगळ्याकडे चारित्र्याचा प्रश्न म्हणून पाहतात. “आमच्या वेळी ताक आणि हळद मातीत जात होती, अंगात काही जात नव्हते,” असे ते म्हणतात. त्यांच्या तपश्चर्येविषयी आदर ठेवूनही मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. त्यांच्या वेळी आखाडे हंगामात असत. आता रस्ते झाले, गाड्या झाल्या, आणि माघ ते वैशाख एकच पैलवान आज शिरूरला, परवा दौंडला, तेरवा श्रीगोंद्याला उतरतो. खुराक परवडण्यासाठी कुस्त्या वाढवायच्या, वाढलेल्या कुस्त्यांचा शीण झाकण्यासाठी सुई घ्यायची. मुलगा बिघडला म्हणून सुई आली, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की चितपट झाल्याखेरीज ज्याला दमडी मिळणार नाही, त्याला दुखरा खांदा घरी ठेवून विश्रांती घेता येत नाही.

त्या संध्याकाळी ‘मघाशीच’ म्हणणारा पैलवान सातव्या-आठव्या मिनिटाला घिस्सा मारून जिंकला. हलगी कडाडली, फेटे उडाले. पंचांनी त्याच्या हातावर नोटा ठेवल्या, त्याने त्या मोजल्या, दोन नोटा हलगीवाल्यांना दिल्या, काही वस्तादाच्या खिशात घातल्या आणि उरलेल्या पिशवीत ठेवल्या. मग तो पाण्याच्या टाकीच्या कडेला बराच वेळ छातीवर हात धरून बसला होता. पुढच्या आखाड्याला नेणारी जीप भोंगा वाजवू लागली, तेव्हा उठला.